एक ना धड, भाराभर चिंध्या? दोन विद्यांच्या जादूगाराचं गणित

रविवारची जेवणं उरकली की आमच्या बेंगळुरूच्या घरात टेबलावरून ताटं उचलली जातात आणि त्याच जागी फासे येतात. माझा पंधरा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची भाची, माझी बहीण आणि मी. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गोष्ट मी सांगतो आणि पंचाचं कामही मीच करतो. याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं होतात.

काही महिन्यांपूर्वीचा एक रविवार मला विसरता येत नाही. घळीत आठ ऑर्क दबा धरून बसले होते. भाचीची पाळी आधी आली. तिची नायिका अर्धी विझर्ड, अर्धी क्लेरिक. म्हणजे पोथीतली जादूही येते आणि देवळातली विद्याही. तिने आपल्याकडचा सगळ्यात मोठा डाव खर्च करून 'स्कॉर्चिंग रे' हा मंत्र टाकला. आगीची चार किरणं, प्रत्येकी दोन फासे, मिळून आठ. त्यातलं एक चुकलं. एक ऑर्क पडला, दुसरा जखमी झाला. भाची खूश होती.

मग मुलाची पाळी. त्याचा साधा, एकमार्गी विझर्ड त्याच दिवशी पाचव्या लेव्हलला पोचला होता. त्याने तेवढाच मोठा डाव खर्च केला, तेवढेच आठ फासे उचलले आणि आयुष्यातला पहिला 'फायरबॉल' टाकला. बेरीज एकोणतीस. फरक एवढाच, की ती बेरीज घळीतल्या प्रत्येक ऑर्कवर लागू झाली. उरलेल्या सातांपैकी सहा आडवे झाले.

सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. भाचीने हातातले फासे हळूच डब्यात ठेवले. पुढच्या रविवारी ती आली नाही. "होमवर्क आहे," असं बहिणीने फोनवर सांगितलं. मला माहीत होतं, होमवर्क नव्हता.

तर आज या सदरात तिच्या प्रश्नाबद्दल बोलू या. दोन प्रकारची जादू शिकणारं पात्र आणि एकाच जादूला वाहून घेतलेलं पात्र एका टेबलावर बसलं, तर दोघांनाही न्याय कसा द्यायचा?

डबा मोठा, पण आत घालायचं काय?

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. इथे प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो, म्हणजे पेशा समजा. फायटर लढतो, विझर्ड पोथ्या वाचून जादू शिकतो, क्लेरिकला देवतेकडून शक्ती मिळते. अनुभव वाढला की लेव्हल वाढते, एक ते वीस. लेव्हल वाढताना एकाच क्लासमध्ये वर जायचं की दुसऱ्या क्लासची पहिली लेव्हल घ्यायची, हे खेळणारा ठरवतो. दुसरा क्लास घेतला की झालं मल्टीक्लास.

मंत्रांच्याही नऊ पायऱ्या असतात. इंग्रजीत त्यांनाही लेव्हलच म्हणतात आणि नवखे हमखास गोंधळतात. म्हणून आमच्या घरी आम्ही पात्राची 'लेव्हल' आणि मंत्राची 'पायरी' असं बोलतो. मंत्र टाकायला 'स्लॉट' खर्चावा लागतो. स्लॉट म्हणजे डबा समजा. लहान डबा, मधला डबा, मोठा डबा. सकाळी भरलेले डबे मिळतात, दिवसभरात वापरले की संपले. झोपून उठलं की पुन्हा भरलेले.

आता २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा नियम बघा. विझर्ड आणि क्लेरिक अशा दोन पूर्ण जादूगारांच्या लेव्हल एकत्र केल्या, तर डबे दोन्हींची बेरीज करून मिळतात. पण डब्यात घालायचे मंत्र मात्र प्रत्येक क्लासच्या आपापल्या लेव्हलप्रमाणेच शिकता येतात.

भाचीची नायिका विझर्ड तीन, क्लेरिक दोन. बेरीज पाच. म्हणून तिला डबे मिळाले पाचव्या लेव्हलचे, त्यात तिसऱ्या पायरीचे दोन मोठे डबेसुद्धा. पण तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डला दुसऱ्या पायरीपर्यंतचेच मंत्र येतात, आणि दुसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकला पहिल्याच पायरीचे. मोठा डबा आहे, पण त्यात घालायला कालचीच भाजी, फक्त थोडी जास्त. 'फायरबॉल' तिसऱ्या पायरीचा. तो तिला येतच नाही.

म्हणजे त्या दिवशी ती चुकीची खेळली नव्हती. तिने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं तेच दिलं. नियमांनीच तिला त्या दिवसापुरतं मागे ठेवलं होतं. आणि गोष्ट सांगणारा मामा म्हणून मला ते आधी दिसायला हवं होतं.

पन्नास वर्षांतली वेगवेगळी उत्तरं

हा वाद आमच्या टेबलावर जन्मलेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापला गेला. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक आवृत्तीने या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं आहे.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये एल्फ, बुटके अशा मानवेतर पात्रांना एकाच वेळी दोन क्लास चालवता येत. मिळालेले अनुभवाचे गुण दोघांत निम्मे-निम्मे. ऐकायला जबर शिक्षा वाटते. पण त्या काळी पुढची लेव्हल गाठायला अनेकदा आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट गुण लागत. त्यामुळे निम्म्या गुणांवरही माणूस फार मागे पडत नसे. ज्या गुणांवर एकमार्गी मॅजिक-युजर सातव्या लेव्हलला पोचे, म्हणजे साठ हजारांच्या पुढे, तिथे गुण वाटून घेणारा पाचव्या लेव्हलचा मॅजिक-युजर असे आणि सोबत दुसरी विद्याही बाळगून असे. फार स्वस्त सौदा! तो महाग करायला नियमकर्त्यांनी वेगळीच कुंपणं घातली. अर्ध-एल्फ क्लेरिकला पाचव्या लेव्हलपुढे जाताच येत नसे. सुरुवातीला चंगळ, शेवटी भिंत.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने हा खेळ विकत घेतल्यानंतरची ही पहिली. तिने बहुतेक कुंपणं काढली. जवळजवळ कोणीही, कोणताही क्लास, केव्हाही. नियम सुटसुटीत झाला, पण दोन विद्यांचा जादूगार त्यात भरडला गेला. कारण आता अकरावी लेव्हल म्हणून क्लेरिकची पहिली लेव्हल घेतली, तरी किंमत अकराव्या लेव्हलचीच द्यावी लागे. पाच-पाच लेव्हल वाटलेल्या पात्राचा फायरबॉल पाच फाशांचा, सरासरी साडेसतरा. दहाव्या लेव्हलच्या विझर्डचा दहा फाशांचा, सरासरी पस्तीस. शिवाय विझर्डकडे पाचव्या पायरीचे मंत्र, आणि याच्याकडे तिसऱ्याच. आपली म्हण आहे ना, एक ना धड, भाराभर चिंध्या. अगदी तसं.

मग ठिगळ आलं. २००३ च्या सुधारित 'डंजन मास्टर्स गाईड'मध्ये 'मिस्टिक थीअर्ज' नावाचा खास क्लास होता. दोन्ही विद्यांतले दुसऱ्या पायरीचे मंत्र आले की त्यात शिरायचं. मग प्रत्येक लेव्हलला दोन्ही विद्या एकदम पुढे सरकत. दहाव्या लेव्हलला हा जादूगार दोन्हींत सातव्या लेव्हलइतका असे. तीन लेव्हल मागे, पण दोन्हीकडे चौथी पायरी. ज्याला तिथवर पोचायचं धैर्य होतं त्याला फळ मिळे. पण सहाव्या लेव्हलला मित्र तिसऱ्या पायरीचे मंत्र टाकत असताना याने दुसऱ्यावरच समाधान मानायचं, हे चुकत नसे. आधी उपास, मग पारणं.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सावध पवित्रा घेतला. दुसऱ्या क्लासची थोडीशी चव एका जादा कौशल्यातून घ्या, पूर्ण क्लास नको. आणि २०१४ मध्ये आली वर सांगितलेली डब्यांची पद्धत.

सगळ्यांचा प्रश्न एकच होता. रुंदीची किंमत किती लावायची? कमी लावली तर एकमार्गी पात्र घेणारा मूर्ख ठरतो. जास्त लावली तर दोन वाटांची स्वप्नं बघणारं पोर हिरमुसतं.

अर्धं-अर्धं वाटणारा रडतो, चिमूटभर घेणारा हसतो

पाचव्या आवृत्तीत एक गंमत आहे आणि बहुतेक टेबलांवरचे वाद तिथूनच सुरू होतात. तिथे मल्टीक्लास जादूगार दुबळा आहे की बलवान, याचं एकच उत्तर नाही. कसं वाटलं यावर सगळं आहे.

समान वाटणी करणारा सोसतो. त्याला दोन वेगवेगळे गुण वाढवावे लागतात. विझर्डला बुद्धी, क्लेरिकला शहाणपण. दहाव्या लेव्हलला एकमार्गी विझर्डची बुद्धी वीसवर असू शकते, म्हणजे त्याचा मंत्र टाळायला शत्रूला सतरा लागतात. वाटणीवाल्याकडे बुद्धी अठरा, शहाणपण सोळा असं काहीतरी जमतं. त्याचे मंत्र सोळाला आणि पंधराला टळतात. वीस बाजूंच्या फाशावर एक गुण म्हणजे पाच टक्के. एका मंत्राला जाणवत नाही, वर्षभराच्या खेळात जाणवतं.

उलट, एकच लेव्हल चिमूटभर घेणारा बघा. विझर्डला चिलखत घालता येत नाही. पण त्याने क्लेरिकची फक्त एक लेव्हल घेतली की चिलखत आणि ढाल मिळते, जखम भरणारे मंत्र मिळतात. डब्यांच्या बेरजेत काहीही कमी होत नाही. नुकसान काय? मंत्रांची नवी पायरी एक लेव्हल उशिरा. विझर्डला नवी पायरी तीन, पाच, सात, नऊ अशा विषम लेव्हलला मिळते. म्हणजे हा माणूस पाचव्याला मागे, सहाव्याला बरोबरीत, सातव्याला मागे, आठव्याला पुन्हा बरोबरीत. निम्मा वेळ काही गमावत नाही आणि चिलखत मात्र कायमचं अंगावर.

ज्यांच्या दोन्ही विद्या एकाच गुणावर चालतात त्यांची तर चांदीच. सॉर्सरर, वॉरलॉक, बार्ड, पॅलाडिन हे चौघंही व्यक्तिमत्त्वाच्या गुणावर जगतात. त्यांच्या जोड्यांना गुण वाटायचा प्रश्नच येत नाही. यातूनच 'कॉफीलॉक' नावाची मजेदार पळवाट निघाली. वॉरलॉकचे डबे तासाभराच्या विश्रांतीत परत भरतात. सॉर्सररला डबे मोडून गुण आणि गुण जोडून डबे करता येतात. मग हा पठ्ठ्या रात्री झोपतच नाही! तासातासाने विश्रांती घेऊन डबे साठवत बसतो. २०१७ च्या 'झानाथर्स गाईड'मध्ये न झोपणाऱ्याला थकवा येण्याचा ऐच्छिक नियम आहे, तो अशा वेळी कामी येतो. आमच्या घरी मात्र बहिणीने एका वाक्यात निकाल दिला: "जागरण करणाऱ्याला सकाळी चहा मिळणार नाही."

२०२४ च्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'नेही चिमूटवाल्यांना थोडा लगाम घातला आहे. प्रत्येक क्लासचं खास उपांग आता तिसऱ्या लेव्हललाच मिळतं. पूर्वी क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक यांना ते पहिल्याच लेव्हलला मिळे आणि म्हणूनच एक लेव्हल चाखून पळ काढणं इतकं फायद्याचं होतं.

घरातली तरुण मंडळी 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा संगणकावरचा खेळ खेळून टेबलावर येत असतील तर आणखी एक सूचना. तिथे विझर्डची एकच लेव्हल घेतलेलं पात्रही, डबा मोठा असेल तर मोठ्या पायरीचे मंत्र पोथीत उतरवून घेऊ शकतं. छापील नियमांत तसं चालत नाही. पहिल्याच दिवशी हे बोलून घ्या, नाहीतर अर्धा तास भांडण ठरलेलं.

नुकसान मोजाल तर फसाल

समतोल बघायचा म्हणून बरेच जण फाशांची सरासरी काढत बसतात. मीही काढली. आणि दहाव्या लेव्हलला चकित झालो. पाच-पाच वाटलेल्या जादूगाराने पाचव्या पायरीच्या डब्यात फायरबॉल घातला, तर दहा फासे, सरासरी पस्तीस. एकमार्गी विझर्डने त्याच डब्यातून खरा पाचव्या पायरीचा 'कोन ऑफ कोल्ड' टाकला, तर सरासरी छत्तीस. फरक एकाचा! मग मागे कोण पडलं?

मागे पडणं नुकसानात नसतंच. ते मंत्राच्या जातीत असतं. मोठ्या डब्यात घातलेली आग मोठी होते, पण तिची भिंत होत नाही. 'वॉल ऑफ फोर्स' ही अभेद्य भिंत पाचव्या पायरीला येते आणि लहान मंत्र कितीही फुगवला तरी ती मिळत नाही. क्लेरिकचं तेच. तिसऱ्या पायरीचा 'रिव्हिव्हिफाय' एका मिनिटाच्या आत मेलेल्याला उठवतो. पाचव्या पायरीचा 'रेज डेड' दहा दिवसांपर्यंत. दोन विद्यांच्या जादूगाराला लढाईत बळ कमी पडत नाही. कधीकधी दारच उघडत नाही.

बदल्यात त्याला काय मिळतं? निवड. पाच-पाच लेव्हलच्या पात्राला छोटे, बिनडब्याचे मंत्र आठ येतात. दहाव्या लेव्हलच्या विझर्डला पाच. सकाळी तयार ठेवायचे मंत्रही थोडे जास्तच. पण पाळी आली की करायचं एकच. दोन विद्या आल्या म्हणून दोन पाळ्या मिळत नाहीत. शिवाय मन एकाग्र ठेवून चालवायचा मंत्र एका वेळी एकच चालतो. क्लेरिकचा 'ब्लेस' चालू असताना विझर्डचा 'हेस्ट' सुरू केला की पहिला विझतो.

म्हणून रुंदीची खरी किंमत प्रसंग ठरवतो. दिवसभरात एकच मोठी लढाई असेल तर एकमार्गी जादूगारच चमकणार, कारण तो आपले सगळ्यात मोठे डबे तिथेच रिकामे करणार. पण सकाळी तापाने फणफणलेलं गाव, दुपारी बंद दरवाजावरची प्राचीन लिपी, संध्याकाळी लढाई, रात्री जखमी साथीदार असा दिवस असेल, तर दोन विद्या येणारं माणूस प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतं. आणि असा दिवस रचणं गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात असतं.

तुमच्या टेबलासाठी

दोन विद्यांचं पात्र घेणारं कोणी तुमच्याकडे असेल, तर माझ्या चुकांमधून शिकलेल्या या गोष्टी:

* आधी विचारा, नक्की काय हवं आहे. थोडीशी चव पुरणार असेल तर मल्टीक्लासची गरज नसते. 'मॅजिक इनिशिएट' हे कौशल्य घेतलं की दुसऱ्या क्लासचे दोन छोटे मंत्र आणि पहिल्या पायरीचा एक मिळतो. 'डिव्हाईन सोल' हा सॉर्सररचा प्रकार क्लेरिकचे मंत्र शिकू देतो, तेही लेव्हल न गमावता.
* खड्डा कुठे येणार ते आधी सांगा. समान वाटणीत सगळ्यात वाईट वेळ पाचव्या लेव्हलला येते. तोवर फरक फारसा दिसत नाही. पण तेव्हाच बाकीचे तिसऱ्या पायरीवर चढतात. मुलांना हे आधी कळलं तर ती तयारीने येतात.
* वाट एक, पायवाट एक. विझर्ड मुख्य, क्लेरिक सोबतीला, असं ठरवून घेतलं तर मागे पडणं एका-दोन लेव्हलपुरतंच राहतं.
* चिमूटवाल्यांना तीन घास. नवा क्लास घ्यायचा तर त्यात किमान तीन लेव्हल घ्यायच्या, असा घरचा नियम करा. गुरू, देऊळ, शपथ असं काहीतरी गोष्टीतही घडू द्या.
* गुंडाळीचा उपयोग करा. एखादा मंत्र लिहिलेली गुंडाळी बक्षीस म्हणून द्या. मंत्र आपल्या क्लासचा पण आवाक्याबाहेरच्या पायरीचा असेल, तर फासा टाकून प्रयत्न करता येतो. लागणारा आकडा दहा अधिक मंत्राची पायरी. नियम न मोडता मागे पडलेल्याला हात देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.
* खेळ संपला की एकच प्रश्न विचारा. "आज तुझ्यामुळे काय घडलं?" ज्याला सलग दोन आठवडे उत्तर सुचत नाही, त्याच्यासाठी पुढचा प्रसंग लिहा.

मुलाचा प्रश्न

त्या रविवारनंतर मी बहिणीच्या घरी गेलो. भाचीला सांगितलं, "हवं तर तुझी नायिका पूर्ण विझर्ड करू. मागचं सगळं बदलून देतो."

ती म्हणाली, "नको मामा. तिची आई देवळात होती आणि बाबा पोथ्या लिहायचे. मी एक सोडलं तर दुसऱ्याचं काय?"

एवढा विचार तिने केला होता, आणि मी तिला नियमांचं पान दाखवत बसलो होतो. मग मी घाईने एक घरचा नियम तयार केला. तिला तिसऱ्या पायरीचे मंत्र दोन्हीकडून शिकू द्यायचे. संध्याकाळी मुलाला सांगितला. त्याचा चेहरा पडला.

"बाबा, मग मी एकच विद्या धरून राहिलो त्याचं काय? तिला दोन्ही मिळणार आणि मोठे मंत्रपण. मग मी कशाला थांबलो होतो?"

बरोबर होतं त्याचं. मी एका मुलाचं रडू थांबवायला दुसऱ्याच्या ताटातलं काढून दिलं होतं. प्रत्येक घरात हे कधी ना कधी होतं. धाकट्याचा हट्ट पुरवताना थोरल्याचं गप्प बसणं आपण गृहीत धरतो.

मी त्यालाच विचारलं, "तूच सांग. काय केलं तर तुला चालेल?"

तो बराच वेळ आपल्या पात्राच्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "एकच मंत्र. वरच्या पायरीचा फक्त एक. आणि दिवसातून एकदाच. पण फायरबॉल नाही. तो माझा."

तोच आमचा नियम झाला. दोन जादूगार क्लास जवळजवळ समान वाढवणाऱ्याला, डबा असेल त्या पायरीचा एक मंत्र शिकता येतो, झोपेपर्यंत एकदाच वापरता येतो, आणि टेबलावर ज्याची जी ओळख आहे तिला हात लावायचा नाही. कोणत्याही पुस्तकात हा नियम नाही. तुम्हाला पटला तर वापरा, नाहीतर तुमचा करा. पण करताना एक पथ्य पाळा. ज्याला सवलत मिळणार त्याला विचारून भागत नाही. ज्याने एकच वाट धरली, त्याला विचारा. तो "चालेल" म्हणाला तरच समतोल बसला म्हणायचं.

भाचीने कोणता मंत्र निवडला? मला वाटलं, काहीतरी वीज-बीज घेईल. तिने 'रिव्हिव्हिफाय' घेतला. मेलेल्याला मिनिटभरात उठवणारा. त्यासाठी तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि तिच्याकडे दीडशेच नाणी होती.

मुलाने कागदावरची आपली नाणी मोजली. शंभर तिच्या नावावर लिहिली. "पुढे मीच असतो ना," तो म्हणाला. उरलेली पन्नास बहिणीच्या फायटरने दिली.

तो मंत्र अजून एकदाही वापरावा लागलेला नाही. पण हिरे तिच्या झोळीत आहेत, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे. आणि रविवारी दुपारी आमची ताटं उचलायच्या आत दाराची बेल वाजते.